निर्धोक वाट

सायकलीवर व्याख्यान म्हटले की निम्म्या श्रोत्यांच्या मनात पहिली शंका येते ती ही, की यात इतिहास तो कोणता? दोन चाके, एक साखळी, एक घंटी. पण मला बोलायचे आहे ते सायकलीविषयी नव्हे, ती ज्या वाटेवरून जाते त्या वाटेविषयी. हॉलंडात जाऊन आलेले लोक एक गोष्ट हमखास सांगतात. नदीच्या बांधावरून कोसच्या कोस वाट जाते. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला गाईंची कुरणे. पुढे झाडीत शिरावे तर तेथेही तीच गुळगुळीत वाट. आणि या साऱ्या प्रवासात मोटारीचा आवाज म्हणून नाही. ऐंशी वर्षांची आजी आणि आठ वर्षांचा नातू सारख्याच बिनघोरपणे चालले आहेत. सांगणारा शेवटी म्हणतो, "अहो, देशच सपाट, त्यांना त्यात काय अवघड!"

हे शेवटचे वाक्य मला तपासून पाहायचे आहे. गंगेचे सारे खोरे सपाट आहे, बंगाल सपाट आहे. सपाटपणामुळे वाट निघत असती तर पाटण्यापासून कलकत्त्यापर्यंत ती कधीच निघाली असती. वाट निघते ती कोणीतरी काढली म्हणून. कोणी काढली, कोणाच्या पैशाने काढली आणि कोणाला ती मिळाली नाही, एवढाच आजचा विषय.

आरंभ मात्र हॉलंडात नव्हे, जर्मनीत करावा लागतो. १२ जून १८१७ रोजी कार्ल फॉन ड्राइस नावाचा बाडेन संस्थानचा एक वनाधिकारी मानहाइम शहरातून एका लाकडी गाडीवर बसून बाहेर पडला. गाडीला दोन चाके, एकामागे एक. पायटे नाहीत, साखळी नाही. दोन्ही पायांनी जमीन मागे ढकलीत पुढे जायचे. मानहाइम हे ऱ्हाइन आणि नेकार या नद्यांच्या संगमावरचे शहर; आसपास सारे मैदान, आणि श्वेट्झिंगेनच्या राजवाड्याकडे जाणारा रस्ता त्या भागातला उत्तम. ड्राइस त्या रस्त्यावरच्या डाकचौकीपर्यंत गेला आणि परत आला. जाऊन येऊन सुमारे चौदा किलोमीटर अंतर, आणि वेळ तासाहून कमी. दोन चाकांवर तोल सावरून माणसाने केलेला हा पहिला नोंदलेला प्रवास. म्हणजे सायकल जन्मली तीच मुळी नदीकाठच्या सपाट, चांगल्या रस्त्यावर, आणि तीही रानाची देखरेख करणाऱ्या माणसाच्या हातून.

या शोधामागे १८१५ साली इंडोनेशियातील तांबोरा ज्वालामुखीचा जो प्रचंड स्फोट झाला तो आहे, असे अलीकडे पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळते. त्या स्फोटाच्या धुळीने पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळा असा आलाच नाही, पिके बुडाली, ओट महागले, घोडे पोसवेनात, म्हणून ड्राइसने घोड्याला पर्याय शोधला. कथा मोठी सुरेख आहे. दुष्काळ खरा, महागाई खरी. परंतु या दोहोंचा ड्राइसच्या गाडीशी सांधा जोडणारा पुरावा अपुरा आहे. इतिहासात सुरेख जुळणाऱ्या कथांपासून थोडे जपूनच राहावे.

यापेक्षा कमी सुरेख, पण जास्त महत्त्वाची गोष्ट त्यानंतर घडली. गाव सोडले की चांगला रस्ता क्वचितच सापडे. एरवी सगळीकडे बैलघोड्यांच्या गाड्यांनी पाडलेल्या चाकोऱ्या आणि चिखल. त्यामुळे ड्राइसच्या गाडीवर बसणारे हौशी लोक पादचाऱ्यांच्या फरसबंद वाटेवर चढले. तेथे माणसांना धक्के लागू लागले, तक्रारी झाल्या, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस मानहाइमने पायवाटेवर ही गाडी चालवायला बंदी केली. रस्त्यावर चालवता येत नाही आणि पायवाटेवर चालवू देत नाहीत. पुढे दोनशे वर्षे जो तंटा चालायचा होता, तो यंत्र सहा महिन्यांचे असतानाच उभा राहिला. ड्राइसचे पुढे बरे झाले नाही. १८४९ च्या क्रांतीत त्याने लोकपक्ष धरला, आपली सरदारकी टाकून दिली; क्रांती फसली आणि १८५१ साली तो दारिद्र्यात वारला.

यंत्राची पुढची वाटचाल सर्वांना ठाऊक आहे, म्हणून ती भरभर सांगतो. १८६० नंतर पॅरिसमध्ये पुढच्या चाकाला पायटे आले. मग ते पुढचे चाक वाढत वाढत माणसाएवढे झाले. १८८५ साली कॉव्हेंट्रीच्या स्टार्लीने सारख्या चाकांची, मागच्या चाकाला साखळी असलेली सायकल काढली. आणि १८८८ साली बेलफास्टमध्ये डनलॉप या पशुवैद्याने हवा भरलेली धाव बसवली. आज आपण जी वापरतो ती सायकल इथे तयार झाली. यंत्र तयार झाले, वाट नव्हती.

आता हॉलंडकडे वळू. या देशात सायकलीच्या अडीचशे वर्षे आधी एक वाट बनून राहिली होती, आणि तिचा सायकलीशी काही संबंध असेल हे कोणाच्या स्वप्नातही नव्हते. १६३२ साली ॲमस्टरडॅम आणि हार्लेम या शहरांदरम्यान एक सरळ कालवा खणून पुरा झाला. त्यातून उतारूंच्या नावा चालत. नाव ओढायला काठावरून घोडा चाले. ठरलेल्या वेळी नाव सुटे, ठरलेल्या वेळी पोचे, आणि हे अशा काळात, जेव्हा इतरत्र प्रवास म्हणजे केवळ दैवाधीन गोष्ट होती. पुढच्या तीस-पस्तीस वर्षांत देशातील बहुतेक मोठी शहरे अशा कालव्यांनी जोडली गेली. घोड्याला चालता यावे म्हणून पाण्याच्या कडेने वाट ठेवणे भाग होते. ती सपाट हवी, तीत अडथळा नको, आणि तिच्यावर गाड्यांची गर्दी नको, नाहीतर नावेचा दोर अडकणार. शिवाय ती शहरापासून शहरापर्यंत अखंड हवी. श्रोत्यांनी ही लक्षणे एकवार मनात घोळवावी. सायकलीला जी वाट हवी तिचीच ही लक्षणे आहेत; फक्त ती घोड्यासाठी होती. १८३९ साली त्याच ॲमस्टरडॅम-हार्लेम मार्गावर देशातली पहिली आगगाडी धावली, आणि हळूहळू नावांचा धंदा बसला. घोडा गेला, वाट राहिली. आज हॉलंड-बेल्जममध्ये पाण्याच्या कडेने ज्या शांत वाटांवरून लोक सायकली चालवतात, त्यांतल्या कितीतरी मुळात या घोड्याच्या वाटा होत.

दुसरी ठेव बांधांची. हा देश नद्यांच्या मुखाशी, पुष्कळसा समुद्रपातळीखाली. बांध राखायला शेतकऱ्यांनी मिळून स्थापलेली जलमंडळे तेथे राजसत्तेपेक्षाही जुनी. ऱ्हाइनलंडच्या मंडळाचा उल्लेख १२५५ इतका मागे जातो. बांधाच्या माथ्यावरून डागडुजीसाठी वाट लागतेच. १९५३ च्या फेब्रुवारीत समुद्र बांध फोडून आत आला आणि तेथे १,८३६ माणसे दगावली. त्यानंतर नवे बांध आणि धरणे झाली, त्यांच्या माथ्यावर आणि पायथ्याशीही वाटा आल्या. बांधावरची रम्य वाट पाहून आपण खूश होतो, पण तिच्याखाली काय पुरलेले आहे हेही माहीत असलेले बरे.

हे झाले पाण्याकाठचे. रानातली वाट मात्र मुद्दाम काढावी लागली, आणि ती काढली हौशी मंडळींनी. १८८३ साली उत्रेख्त येथे सायकलस्वारांचा एक राष्ट्रीय संघ स्थापन झाला. तेव्हा सायकल ही खात्यापित्या घरची चैन होती. वकील, डॉक्टर, कारखानदारांची मुले असे हे लोक. १८८५ साली उत्रेख्तमधल्या मालीबान या झाडांच्या दुतर्फा रांगा असलेल्या हमरस्त्याच्या कडेला सायकलींसाठी वेगळी पट्टी झाली. देशातली पहिली सायकलवाट म्हणून तिचे नाव घेतात. पण खरे काम झाले ते पुढे खेड्यांत. हिल्व्हर्समच्या आसपासचा खोई प्रदेश, ड्रेंथ प्रांत, हे सारे माळ, वाळू आणि झाडी. वाळूत सायकलीचे चाक रुतते. मग गावोगाव 'सायकलवाट मंडळे' निघाली. खोई भागातले मंडळ १९१४ चे. सभासदांनी वर्गणी द्यायची, जंगलाच्या मालकाकडे जाऊन रदबदली करायची, हातभर रुंदीची पट्टी मागून घ्यायची आणि तिच्यावर समुद्रकिनाऱ्यावरचे शिंपले पसरून ती घट्ट करायची. शिंपल्यांचा चुरा पावसाने दबतो, चाक रुतत नाही, आणि झाडांच्या सावलीत अशी पांढरी वाट संध्याकाळीही दिसते. १९१९ पासून त्या राष्ट्रीय संघाने रानातल्या तिठ्यांवर बुटके, छत्रीच्या आकाराचे दिशादर्शक बसवायला आरंभ केला. रानात उंच खांब शोभत नाही म्हणून एका वास्तुविशारदाने अळंबीची आकृती काढली. लोक त्यांना अळंबीच म्हणतात, आणि ती आजही उभी आहेत.

इथपर्यंत सारे गोड आहे. आता कडू भागाकडे येऊ.

१९२० च्या सुमारास सायकल चैनीची वस्तू राहिली नव्हती. गिरणीकामगार, टपालवाला, शाळामास्तर, दूधवाला सगळे सायकलवर आले. आणि १९२४ च्या ऑगस्टपासून सरकारने प्रत्येक सायकलवर वर्षाला तीन गिल्डर कर बसवला. तिजोरीत खड्डा पडला होता, तो भरायला अर्थमंत्री कोलाइन यांनी काढलेली ही युक्ती. कर भरला म्हणजे धातूचा एक छोटा बिल्ला मिळे, तो सायकलीवर लावायचा.

बिल्ला म्हटल्यावर आपल्यापैकी वडीलधाऱ्यांच्या चेहऱ्यावर हसू उमटेल. आपल्याकडेही नगरपालिका सायकलीवर कर घेत आणि बिल्ला देत. तो नसला, किंवा रात्री दिवा नसला, की कोपऱ्यावरचा पोलीस हात आडवा घाली. पुण्याला लोक सायकलींचे शहर म्हणत त्या काळातली ही गोष्ट. तेव्हा हा कर कोणाच्या वाट्याला कसा येत असेल याची कल्पना आपल्याला वेगळी करून द्यायला नको.

हॉलंडात बेकार माणसाला बिल्ला फुकट मिळण्याची सोय होती. पण त्या फुकटच्या बिल्ल्याला मधोमध एक भोक पाडलेले असे. कशासाठी? तर हा फुकटचा आहे हे दिसावे म्हणून. १९३० नंतरच्या मंदीत हजारो माणसे हे भोक घेऊन कामाच्या शोधात हिंडली. राज्यकर्त्याने माणसाला लाचार ठरवायला किती लहान वस्तू पुरते, याचे याहून बोलके उदाहरण मला तरी ठाऊक नाही. आणि कराच्या पैशाचे काय झाले? काही वर्षांतच तो पैसा रस्तेनिधीकडे वळवण्यात आला. त्या निधीच्या काळात मोठ्या नद्यांवर पूल झाले, दूरचे हमरस्ते झाले. हे हमरस्ते मुख्यतः मोटारींसाठी होते, आणि मोटारी तेव्हा सायकलींच्या मानाने अगदीच थोड्या. म्हणजे कामगाराने आपल्या दोन चाकांवर कर भरला आणि त्यातून चार चाकांची सोय झाली. हमरस्त्याकडेला सायकलींसाठी पट्टी निघाली हे खरे; पण तिच्यामागे सायकलवाल्याच्या सुखाइतकाच, त्याला मोटारीच्या मार्गातून दूर करण्याचा विचार होता. हा कर उठला १९४१ च्या मे महिन्यात, आणि तो उठवला जर्मन आक्रमकांनी! त्यांनीच पुढे लोकांच्या सायकली सक्तीने हिसकावून नेल्या. युद्धानंतर कित्येक वर्षे फुटबॉलच्या मैदानावर डच प्रेक्षक जर्मनांना ओरडून विचारीत, आमच्या आजोबांची सायकल कुठे आहे?

वेगळी वाट ही देणगी की हद्दपारी, हा वाद इंग्लंडात उघडपणे झाला. १९३४ च्या डिसेंबरात लंडनच्या पश्चिमेला वेस्टर्न ॲव्हेन्यू या नव्या रस्त्याकडेला दळणवळणमंत्री होर-बेलिशा यांनी पहिली सायकलवाट खुली केली. तेथल्या सायकलस्वारांचा संघ १८७८ पासूनचा, जुना आणि वजनदार. त्याने या वाटेचे स्वागत न करता विरोध केला. त्यांचे म्हणणे असे: रस्ता आमचा आहे, आजोबापणजोबांपासून आहे, आज तुम्ही कडेला वाट देता, उद्या रस्त्यावर यायला बंदी कराल. ही भीती पोकळ नव्हती. त्याच साली जर्मनीच्या वाहतूक नियमांनी जेथे सायकलवाट असेल तेथे सायकलस्वाराने तीच धरली पाहिजे असे ठरवले होते. इंग्रज सायकलस्वारांचे तत्त्व मला अगदी बरोबर वाटते. आणि तरीही घडले असे, की तत्त्व राखले गेले आणि रस्ता हातचा गेला. मोटारी वाढल्या तसा हक्क कागदावर शाबूत राहिला, पण त्या हक्काने आपल्या मुलाला रस्त्यावर सोडायला आईबाप धजेनात.

हॉलंडचेही तसेच व्हायचे होते. आजची स्थिती पाहून हा देश पूर्वापार सायकलप्रेमीच असे वाटते, आणि हीच मोठी चूक आहे. १९५० ते १९७० या वीस वर्षांत तेथेही कालवे बुजवून रस्ते करावे, जुन्या पेठा पाडून मोटारींना वाट द्यावी असे बेत झाले, काही पारही पडले. सायकलींचे प्रमाण घसरत चालले. १९७१ साली रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसे मेली. त्यांत चारशेहून अधिक मुले होती. एक कोटी तीस लाखांच्या आसपास वस्तीच्या देशात एका वर्षात चारशे मुले!

त्यांतली एक मुलगी फिक लांगनहॉफ या वार्ताहराची होती. शाळेला जाताना सायकलीवर असताना मोटारीने तिला उडवले. बापाने १९७२ साली आपल्या 'डे टाइड' या दैनिकात लेख लिहिला. मथळा होता: बालहत्या थांबवा. 'अपघात' हा शब्द त्याने वापरला नाही, आणि माझ्या मते सगळी कलाटणी या एका शब्दात आहे. अपघाताला कोणी जबाबदार नसतो; हत्येला असतो. १९७३ साली याच नावाची चळवळ उभी राहिली. तिच्या पहिल्या अध्यक्षा मार्त्ये फान पुटेन, पुढे त्या युरोपीय संसदेत गेल्या. या लोकांनी काय केले? मोर्चे काढलेच, पण त्याहून परिणामकारक म्हणजे रस्ता अडवून त्यावर मुलांना खेळायला सोडले, भर रस्त्यात टेबले मांडून जेवणे केली. त्याच वर्षी तेलाचे संकट आले आणि ४ नोव्हेंबर १९७३ पासून काही रविवार सरकारने मोटारी बंद ठेवल्या. लोक सायकली घेऊन थेट मोटारींच्या महामार्गावर गेले. कोणी पायचाकांवर घसरत गेले, कोणी घोड्यावर. देश सपाट आहे आणि तो शांतही असू शकतो, हे एका पिढीने त्या रविवारी प्रथम कानांनी अनुभवले.

१९७५ साली सायकलस्वारांची नवी लढाऊ संघटना निघाली, आणि सरकारने हेग व टिलबर्ग या शहरांत नमुन्यादाखल दोन लांब सायकलवाटा बांधायला पैसे दिले. हेगमध्ये दुकानदार चिडले; मोटार दारात आली नाही तर गिऱ्हाईक येणार नाही ही त्यांची ओरड. हा युक्तिवाद आपल्या कानांना अनोळखी नाही. पण या दोन वाटांनी शिकवले ते निराळेच. वाटा उत्तम होत्या, त्यांच्यावर सायकली दाटल्या. मात्र शहरातले एकूण सायकल चालवणे काही फारसे वाढले नाही. आसपासच्या गल्ल्यांतले लोक नुसते तिकडे वळले. कारण घरापासून वाटेपर्यंत आणि वाटेपासून शाळेपर्यंत पूर्वीचाच धोका होता. म्हणून १९७९ नंतर डेल्फ्ट शहराने एक भव्य वाट न करता जाळे विणले: हमरस्त्याखालून बोगदा, कालव्यावर छोटा पूल, दोन गल्ल्यांमधली तुटलेली वीसएक पावलांची जोड. उद्घाटनाची फीत कापायला यांत जागा नाही. पण घराच्या उंबऱ्यापासून नदीच्या बांधापर्यंत मूल एकटे जाऊ लागले ते या बारीकसारीक कामांमुळे.

मग या जाळ्यात माणूस हरवू लागला! बांध, कालवा, झाडी, पुन्हा बांध; सपाट मुलखात डोंगर नाही की ज्याच्या खुणेने दिशा ओळखावी. यावर तोड काढली बेल्जममधल्या लिम्बुर्ख प्रांतातल्या हुगो बोलन नावाच्या खाणअभियंत्याने. कोळशाच्या खाणीत भुयारांच्या प्रत्येक तिठ्याला क्रमांक असतो. अंधारात गावाचे नाव उपयोगी नसते. १९९५ साली त्याच्या सूचनेने मास नदीच्या त्या प्रदेशात सायकलवाटांच्या तिठ्यांना क्रमांक लागले. घरून निघताना चिठ्ठीवर पाचसहा आकडे लिहून घ्यावे आणि त्या आकड्यांमागे जात राहावे. खाणी तोवर बंद पडल्या होत्या. त्यांच्या कोळशाच्या आगगाडीचा जुना मार्गही सायकलवाट झाला. बेकार झालेल्या खाणीचे ज्ञान आणि बेकार झालेली तिची गाडवाट, दोन्ही कामी आली. पुढे ही पद्धत सबंध हॉलंडने उचलली.

रानातल्या वाटेची गोष्ट अर्धी ठेवली होती, ती पुरी करतो. आर्नेमजवळ होखे फेल्यूवे नावाचे विस्तीर्ण राष्ट्रीय उद्यान आहे. मूळचे एका धनिक दांपत्याचे शिकारीचे रान, १९३५ पासून सार्वजनिक न्यासाकडे. १९६५ साली ॲमस्टरडॅमच्या काही बंडखोर तरुणांनी पांढऱ्या रंगाच्या सायकली रस्त्यावर ठेवून द्याव्या, वाटेल त्याने घ्याव्या, वापराव्या, सोडाव्या अशी कल्पना काढली होती. कुलूप नसलेली सायकल बेवारस ठरते, असे म्हणून पोलिसांनी त्या उचलून नेल्या. शहराने हाकलले ते रानाने ठेवून घेतले. दहाएक वर्षांनी होखे फेल्यूवेने तीच पांढरी सायकल आणली. आज तेथे अशा सुमारे १,८०० सायकली आहेत. फाटकाचे तिकीट काढले की कोणतीही घ्यावी, माळावरून, पाइनच्या झाडीतून हिंडावे, वस्तुसंग्रहालयापाशी सोडावी; परतताना हाताला येईल ती दुसरी.

तर तेथे आता सारे आबादीआबाद आहे काय? २०२२ साली हॉलंडात २९० च्या आसपास सायकलस्वार दगावले, मोटारीत बसलेल्यांपेक्षा जास्त. त्यांत मुले फार थोडी. बहुतेक म्हातारी माणसे, आणि पुष्कळांची सायकल विजेची. ज्या वाटेवर पूर्वी सारे एका चालीने जात, त्या वाटेवर आता बारा किलोमीटरचा आजोबा आणि पंचवीस किलोमीटरची विजेची सायकल शेजारी आहेत. उन्हाळ्यातल्या रविवारी नदीच्या बांधांवर फटफट्यांचे थवे उतरतात, आणि बांधालगतची घरे खिडक्या लावून बसतात. ॲमस्टरडॅममध्ये तर सायकलवाटेवरून हलक्या फटफट्या चालत, कायद्याने त्यांना तशी मुभाच होती. त्यावर वर्षानुवर्षे भांडण झाले, दिल्लीदरबारासारख्या फेऱ्या झाल्या, आणि अखेर २०१९ च्या एप्रिलात शहराने मधल्या भागापुरते त्या फटफटीवाल्यांना शिरस्त्राण घालायला लावून मोठ्या रस्त्यावर धाडले. रस्ता आमच्यासाठी धोक्याचा आहे, ही त्यांची तक्रार होती.